दूध कळकत नाही

गेल्या महिन्यात धाकट्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. माझा पणतू आता आठ महिन्यांचा झाला आहे, हे नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. (बारशाचे वर्णन मी जरा जास्तच सविस्तर लिहिले, असे माझ्या धाकट्या दिरांचे मत पडले होते!) नात म्हणाली, "आजी, तुला बघून आनंद होईल अशी वस्तू आणली आहे." आणि तिने कॅमेऱ्यासमोर एक पितळेची तपेली धरली. छान मठारलेली, सोन्यासारखी चकचकीत. किंमत ऐकून मी गप्प बसले. आमच्या वेळी एवढ्या पैशात लग्नाची सगळी भांडी झाली असती.

"प्लॅस्टिक नको, नॉनस्टिक नको, काही नको. बाळाच्या नाचणीच्या सत्त्वाला लागणारं दूध आता ह्यातच तापवणार. तुमच्या वेळेसारखं."

मी विचारले, "आतून कल्हई आहे का गं?"

"म्हणजे काय?"

आता काय सांगावे? मी एकदम म्हणाले, "त्यात दूध तापवू नकोस." तिचा चेहरा उतरला. जुन्या गोष्टींचे कौतुक आपण करायचे आणि आजीने मोडता घालायचा, हे तिला अपेक्षितच नव्हते. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे. तिच्यासाठी आहे, आणि आपल्या घरातल्या इतर लेकीसुनांसाठीही. ह्यातला काही भाग मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही.

मराठीत एक क्रियापद होते, कळकणे. 'होते' म्हणते कारण परवा आमच्या सोसायटीतल्या चार जणींना विचारले, तर एकीलाच माहीत होते. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले, चिंचेची आमटी ठेवली, टोमॅटो ठेवला, की थोड्या वेळाने त्याला एक कडवट, तुरट, जिभेला ओढल्यासारखी चव येते. कधी हिरवट झाक येते. मग म्हणायचे, आमटी कळकली. फेकून द्यायची, गाईलासुद्धा घालायची नाही. एवढ्या एका शब्दात केवढे रसायनशास्त्र आहे बघा. आंबट पदार्थातले आम्ल धातू विरघळवते, तो धातू अन्नात उतरतो, आणि असे अन्न पोटात जाऊ देऊ नये. हे सगळे माझ्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होते. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, ताक दगडीत, आणि पितळेच्या पातेल्यात आमटी शिजवायची तर आत कल्हई हवीच.

कल्हईवाला आमच्या सासवडच्या घरासमोर पिंपळाखाली बसत असे. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात कोळसे, एका बाजूने चामड्याचा भाता. भांडे तापले की आत नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सर्रकन फिरवायचे. काळेकुट्ट भांडे क्षणात चांदीसारखे! शेवटी पाण्यात बुडवले की चर्र आवाज यायचा, त्या आवाजासाठी आम्ही पोरे तासन्‌तास उभी राहायचो. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून एवढ्याशा कोळशावर हे काम होते, हे मला पुढे विज्ञानाच्या बाईंनी शिक्षक खोलीत सांगितले. ह्या पातळ थराने किती पिढ्यांची पोटे सांभाळली असतील.

पण कल्हई टिकत नाही. राख आणि चिंच लावून रोज घासले की झिजते आणि आतून पुन्हा पिवळे दिसू लागते. कल्हईला पैसे पडत. त्यामुळे आजीची एक ठरलेली वर्गवारी होती. आमटीचे पातेले, भाजीचे पातेले, कढीचे पातेले हे दर खेपेला द्यायचे. दुधाची तपेली मात्र द्यायची नाही. तिचे म्हणणे, "दुधाला कशाला कल्हई? दूध काही कळकत नाही."

आणि ते खरेच होते. दूध कळकत नाही. चव बदलत नाही, रंग बदलत नाही, वास येत नाही. आमची दुधाची तपेली सकाळपासून वैलावर असायची, दिवसभर मंद आचेवर दूध तापत राहायचे, लालसर साय धरायची. त्या सायीची चव अजून आठवते.

माझा धाकटा भाऊ १९५७ साली जन्मला. मी तेव्हा आठ वर्षांची. गोरापान, गुटगुटीत. आईला दूध कमी येते असे सगळ्या बायकांनी ठरवले आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्याला वरचे दूध सुरू झाले. घरचीच गाय होती. वर्षाचा होईपर्यंत छान होता. मग चिडचिडा झाला, खाईना, पोट मोठे दिसू लागले. हात लावला तर उजव्या बाजूला कडक लागायचे. मग डोळे पिवळे. पुण्याला नेले, डॉक्टर म्हणाले, लिव्हर. त्या काळी हा शब्द घरोघरी माहीत होता. "त्यांच्या मुलाला लिव्हर झालं" म्हटले की ऐकणारी बाई गप्प होत असे. औषधाच्या बाटल्या आल्या. कोणीतरी सुचवले म्हणून पोटावर डागही दिले, ते मी दाराआडून पाहिले. आणि कोणीतरी निदान केले की आईचे दूध बाधले. जे थोडेफार अंगावर पीत होता तेही बंद केले आणि सगळे वरच्या दुधावर ठेवले, पितळेच्या तपेलीतल्या, खूप आटवलेल्या, पौष्टिक.

तो १९५९ च्या पावसाळ्यात गेला.

नंतर आईला मी कधी मोठ्याने हसताना पाहिले नाही, असे लिहिणार होते, पण ते खोटे होईल. ती हसायची. पण पुढे माझ्या बहिणीच्या वेळी तिने पहिल्या दिवसापासून स्वतःचे दूध पाजायला नकार दिला. तिला वाटे की आपल्या दुधातच काही विष आहे. बहिणीसाठी एक दाई ठेवली होती. बहीण सुखरूप वाढली, आणि आईची समजूत आणखी पक्की झाली.

आता इतिहास सांगते. मी इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे ह्या भागात जरा लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढे जा.

लहान मुलांच्या ह्या यकृताच्या आजाराचे वर्णन १८८७ साली कलकत्त्यात डॉ. सेन यांनी केले. नंतर देशभरातून तशीच वर्णने आली. साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षे हे वय, हिंदुस्थानातलीच मुले, एकाच घरात दोन-तीन भावंडे, आणि बहुधा मृत्यू. गरीब, उपाशी घरांतच होतो म्हणावे तर तसेही नाही, उलट खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांत जास्त. इंग्रजीत त्याचे नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' पडले, म्हणजे आजाराला आपल्या देशाचे नाव. जवळजवळ शंभर वर्षे कारण सापडले नाही. विषाणू म्हणून झाले, आनुवंशिक म्हणून झाले, आईच्या आहारावर आणि आईच्या दुधावरही संशय घेऊन झाला. (आमच्या घरातल्या बायकांचे निदान एवढे काही अडाणी नव्हते म्हणायचे. मोठमोठे लोक त्याच अंधारात चाचपडत होते.)

धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. मृत मुलांच्या यकृताच्या कापांना ऑर्सीन नावाचा रंग दिला की त्यात तपकिरी कण दिसत. हे तांबे धरून बसलेल्या प्रथिनांचे कण. १९७८-७९ च्या सुमारास यकृतातले तांबे मोजले गेले. निरोगी माणसाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. ह्या मुलांत ते ८०० च्या वर, काहींत हजारांच्या घरात! आता प्रश्न असा की एवढे तांबे एवढ्याशा जिवाच्या पोटात आले कुठून?

ह्याचे उत्तर आपल्या पुण्यात सापडले, ह्याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील लेस्टरच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केले. त्यांनी प्रश्न विचारला तो स्वयंपाकघरातला. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवता? कोणत्या भांड्यात ठेवता? १९८३ साली 'लॅन्सेट' ह्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते दूध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवलेले, ठेवलेले होते. १९८७ साली त्यांनी आजारी मुले आणि तशाच इतर घरांतली निरोगी मुले यांची तुलना करून तेच पुन्हा दाखवले. त्याच वर्षी पेनिसिलॅमिन ह्या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने, लवकर दिल्यास, काही मुले वाचतात हेही दिसले.

दूधच का, ह्याचे उत्तर १९८९ च्या आणखी एका अभ्यासात आले. पितळेच्या भांड्यात साधे पाणी ठेवले तर त्यात फारसे तांबे उतरत नाही. दूध मात्र ओढून घेते. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते, तेच ज्याचे पनीर होते. हे केसीन तांब्याला घट्ट धरते. धरून ठेवलेले तांबे जिभेला लागत नाही. म्हणजे दूध कळकत नाही ह्याचा अर्थ दुधात तांबे उतरत नाही असा नव्हता. ते उतरत होते आणि लपत होते. आजीची जीभ तीन पिढ्यांचे नियम सांभाळत होती. ताकाबद्दल तिचे चुकले नाही, लोणच्याबद्दल चुकले नाही, आणि नेमके दुधाबद्दल ती जीभ फसली.

त्यातून तान्ह्या बाळाचे यकृत. जन्मतः त्यात तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा जास्तच असतो, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते. तेच दूध त्याच तपेलीतून मीही प्यायले होते, वडील प्यायले होते. आम्हाला काही झाले नाही. सगळ्याच बाळांनाही होत नसे, त्यामुळे काही मुलांत जन्मजात काही कमकुवतपणा असावा असे डॉक्टर मानतात. पितळेचे भांडे न वापरणाऱ्या घरांतही रुग्ण दाखवून काही डॉक्टरांनी ह्या निष्कर्षावर शंका घेतली, हेही सांगितले पाहिजे. पण युरोपातून एक जबरदस्त दाखला आला. ऑस्ट्रियाच्या तिरोल भागातल्या डोंगरी गावांत १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ बाळे अगदी अशाच आजाराने गेली होती. तिथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवून बाळांना देत. भांडी बदलली आणि १९७४ नंतर आजार नाहीसा झाला. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. आल्प्समधली गोरी आई आणि सासवडची माझी आई, दोघी एकच काम करत होत्या.

आपल्याकडेही आजार गेला. १९९२ साली पुण्याच्या डॉक्टरांनी तो टाळता येतो असे लिहिले, आणि आज बालरोगतज्ज्ञांच्या नव्या पिढीला तो पुस्तकातच भेटतो. त्यात प्रचाराचा वाटा होताच, पण मोठा वाटा स्टेनलेस स्टीलचा. घासायला सोपे, कल्हई नको, आणि मोडीत पितळ घालून मिळते, म्हणून बायकांनी ते घेतले. यकृताचा विचार करून कोणी घेतले नव्हते! केवढी मुले वाचली असतील, आणि त्या स्टीलच्या भांड्यांची आपण 'कळाहीन' म्हणून चेष्टा करतो.

मला हे कळले १९८५ च्या आसपास, शाळेत. एका विद्यार्थ्याचे वडील डॉक्टर होते, पालक सभा संपल्यावर शिक्षक खोलीत चहा पिताना ते सहज म्हणाले, "बाई, मुलींना सांगत जा, लहान मुलाचं दूध पितळेत तापवू नका." मी कारण विचारले. त्यांनी दहा मिनिटांत सगळे सांगितले. माझा चहा तसाच राहिला.

आई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. सांगावे की नाही, ह्यावर मी जवळजवळ महिना घालवला. भावाच्या यकृताची तपासणी कधी झाली नव्हती, म्हणजे त्याला नेमके हेच झाले होते हे छातीठोक कोण सांगणार? आणि पंचवीस वर्षांपूर्वीची खपली काढून काय साधणार? शेवटी एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना सांगून टाकले. तिने निवडणे थांबवले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"म्हणजे माझं दूध नव्हतं."

मी म्हटले, "नाही आई. तुझं दूध असतं तर बरं झालं असतं."

ती म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांना सांगायला हवं होतं." आजी १९७१ सालीच गेली होती. आईने हे रागाने म्हटले की आजीवरच्या मायेने, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आजीचाही तो लाडका नातू होता, आणि तपेली दिवसातून चार वेळा वैलावर चढवणारी तीच होती.

तर नातीला मी हे सगळे थोडक्यात सांगितले. (भावाचे सांगितले नव्हते. ते आज वाचेल.) तिने लगेच विचारले, "मग आजी, प्लॅस्टिकच बरं का?" प्रश्न रास्त होता. मी इतिहासवाली, माझ्या परीने वाचले, आणि मला वाटले की ही तर आमच्या तपेलीचीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे.

पत्र्याचा हवाबंद डबाच घ्या. तो म्हणजे काय? लोखंडाला केलेली कल्हई! अन्न बंद करून उकळले की टिकते हे फ्रान्सच्या निकोला आपेरने काचेच्या बाटल्यांत सिद्ध केले आणि १८१० साली सरकारकडून बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथील चढवलेल्या डब्यांसह अशा भांड्यांचे पेटंट घेतले. लोखंड गंजू नये, अन्न कळकू नये म्हणून आत कथील. सगळे ठीक, पण डब्याची शिवण झाळायची कशाने? शिसे मिसळलेल्या डागाने. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसे घेऊन आर्क्टिकमधला वायव्य सागरी मार्ग शोधायला निघाले, बरोबर हजारो डबे घेऊन. एकही माणूस परत आला नाही. १९८४ आणि १९८६ साली बर्फात पुरलेली तीन प्रेते उकरून तपासली, तर त्यांत भरपूर शिसे सापडले. डब्यांच्या झाळणीने घात केला असे जगभर छापून आले, आणि मीही वर्गात तसेच रंगवून सांगत असे. आता त्या मुलांची क्षमा मागायला हवी, कारण २०१८ साली हाडांच्या अभ्यासात प्रवासात शिसे वाढत गेल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या काळच्या इंग्रजांच्या अंगात ते घरूनच भरलेले होते. पण झाळणीतले शिसे अन्नात उतरते हे काही खोटे ठरले नाही. तरी अमेरिकेतल्या कारखान्यांनी ती झाळणी पूर्ण थांबवायला १९९१ साल उजाडले, आणि तिथे कायद्याने बंदी आली १९९५ साली. शिशाचीही अन्नात चव लागत नाही.

मग डब्याला आतून राळेचा लेप देऊ लागले, म्हणजे अन्न धातूला लागायलाच नको. ह्या लेपात आणि पॉलिकार्बोनेट नावाच्या काचेसारख्या कडक प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन असते. हे शरीरातल्या स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे लंडनच्या डॉड्स ह्या शास्त्रज्ञाने १९३६ सालीच दाखवले होते, त्याचे प्लॅस्टिक निघण्याच्या कितीतरी आधी. पण घट्ट बांधलेले रसायन बाहेर येईल कशाला, असे धरून सगळे चालले. १९९३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि सहकारी यीस्टवर वेगळाच प्रयोग करत होते. त्यांना संप्रेरकासारखे काहीतरी सापडले. आधी वाटले यीस्टनेच बनवले. शेवटी कळले की निर्जंतुक करण्यासाठी ज्या प्लॅस्टिकच्या चंबूंत पाणी वाफेवर तापवले होते, त्या चंबूंतूनच ते येत होते. म्हणजे प्रयोगशाळेतले पाणीच कळकले होते, आणि कोणाला पत्ता नव्हता! दोन वर्षांनी स्पेनमधल्या ग्रानादाच्या शास्त्रज्ञांना डबाबंद भाज्यांच्या पाण्यात तेच रसायन सापडले, ह्या खेपेला आतल्या लेपातून आलेले.

माल आतून नीट असला तरी बाहेरून येते ते वेगळेच. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधाचे लाखो खोके जप्त झाले, कारण दुधात छपाईच्या शाईतले एक रसायन सापडले. शाई तर खोक्याच्या बाहेर. पण छापलेला कागद गुंडाळून ठेवतात तेव्हा बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते, आणि शाईतला अंश तिथे उतरतो. भज्यांच्या पुडक्यावरची बातमी भज्यावर उलटी वाचलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड नाही. (आपल्याकडे २०१८ च्या वेष्टनाच्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई केली. कोपऱ्यावरच्या गाडीला ती अजून कळलेली दिसत नाही.)

बिस्फेनॉलचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली, रोज किती पोटात गेले तर चालेल, हा आकडा आधीच्यापेक्षा वीस हजार पटींनी खाली आणला. जर्मनीच्या सरकारी संस्थेला तो पटला नाही, तिने स्वतःचा वेगळा आकडा काढला. युरोपात २०२५ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनात ह्या रसायनाला बंदी लागू झाली, कारखान्यांना मुदत देऊन. वीस हजार पट म्हणजे, मी वर्गात तपासलेल्या सगळ्या भूगोलाच्या नकाशांची चूक एकदम निघाल्यासारखे वाटले.

आणि ह्या वाचनात एक गंमत हाती लागली. आपल्याकडचे भेसळ प्रतिबंधाचे जुने नियम चाळताना, कोणत्या भांड्यातले अन्न खाण्यास अयोग्य समजावे ह्याची यादी दिसली. गंजलेली भांडी, टवके उडालेली इनॅमलची भांडी, आणि नीट कल्हई न केलेली तांब्यापितळेची भांडी. कल्हई कायद्यात! पिंपळाखालच्या त्या माणसाला कोणी सांगायला हवे होते. आता नवा कायदा आला तरी कल्हईचे ते कलम पुढे चालत आले. नातीला ज्याने ती तपेली विकली, त्याच्या पानावर 'आरोग्यदायी', 'परंपरागत' असे बरेच काही होते, कल्हईचा शब्द नव्हता.

तिला मी शेवटी एवढेच कळवले. बाळाचे दूध स्टीलमध्ये तापव, वाटी-चमच्याने दे. गरम काही प्लॅस्टिकमध्ये ओतू नकोस. पितळेची तपेली तांबट आळीत नेऊन कल्हई करून घे, कथील चांगले आहे ना ते विचार, कारण त्यात शिसे मिसळणारेही असतात. मग तिच्यात मोठ्यांचा भात कर, फार चांगला होतो. तांब्याच्या तांब्यातले पाणी हवे तर तुम्ही मोठी माणसे प्या, फक्त त्यात लिंबू पिळू नका. तिचा उलट निरोप आला, "ओके आजी. पण कळकणे हा शब्द भारी आहे." परवा तिने फोटो पाठवला, तपेली आतून चांदीसारखी झाली आहे.

आमची जुनी तपेली आईने सांगितल्यानंतर आठ दिवसांतच मोडीत घातली. मी तिला रविवार पेठेत घेऊन गेले होते. भाजीच्या जुडीसाठी पाव तास घासाघीस करणारी माझी आई, तिने त्या दिवशी पितळेचे वजनही विचारले नाही. दुकानदाराने जे पातेले पुढे केले ते घेऊन पिशवीत टाकले आणि चल म्हणाली. माझे दूध अजून त्याच पातेल्यात तापते.